चांगली कॉपी कधी येणार?

*नौपाड्यात पंचवीस वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवलेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.*

या महिन्यात चौदा पत्रं आली. त्यातल्या नऊ जणांना एकच गोष्ट हवी आहे: आवडत्या जुन्या सिनेमाची बघण्यालायक प्रत. लायब्ररीच्या काउंटरवर बसायचो तेव्हाही लोक हेच विचारायचे. 'काका, ह्याची क्लिअर कॉपी आहे का?' मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात येईल. ते पुढच्या आठवड्यात यायचे, कॉपी यायची नाही.

एकाच कृष्णधवल हिंदी चित्रपटाच्या माझ्याकडे तीन डीव्हीडी झाल्या आहेत. पहिली २००४ साली वाशीत घेतली. दुसरीवर 'डिजिटली रिमास्टर्ड' असं होतं, तिसरीवर सोनेरी अक्षरांत 'रिस्टोअर्ड'. तिन्हींत रेघांचा पाऊस तसाच पडतोय. चौथी घ्यावी की थांबावं?
— एक वाचक, नेरूळ

थांबा. आणि चौथीचे पैसे वाचवल्याबद्दल मला चहा पाजायच्या आधी एक खेळ करून बघा.

तिन्ही डिस्क पाळीपाळीने लावा आणि सिनेमा न बघता पडद्याचा वरचा उजवा कोपरा बघत बसा. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी तिथे एक ठिपका चमकून जाईल आणि सहा-सात सेकंदांनी दुसरा. थिएटरमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे. पहिल्या ठिपक्याला ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायचा आणि दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्या मशीनच्या ताब्यात द्यायचा. छापील खूण नीट दिसत नसली की ऑपरेटर लोक खिळ्याने नाहीतर ब्लेडने स्वतःची खूण खरवडायचे. कोणी फुली मारायचा, कोणी वाकडंतिकडं वर्तुळ. तुमच्या तिन्ही डिस्कवर तीच वाकडी फुली त्याच जागी दिसली, तर समजा की तिन्ही एकाच प्रिंटवरून आल्या आहेत. आणि ती प्रिंट आपल्यापर्यंत यायच्या आधी कुठल्याकुठल्या गावांतल्या थिएटरांत घासून निघालेली आहे.

आपल्याकडे झालं काय, की व्हिडिओचे हक्क विकले गेले तेव्हा हाताला लागेल त्या प्रिंटवरून एक टेप उतरवली गेली. याला टेलिसिने म्हणायचे. त्या टेपवरून कॅसेटी निघाल्या, नंतर व्हीसीडी आणि त्यानंतर डीव्हीडी. डीव्हीडीचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. आता तेच ताणून १९२० बाय १०८० केलं की कव्हरवर 'एचडी' छापता येतं. आमटीत पाणी घातलं की पातेलं भरतं, डाळ होती तेवढीच राहते.

'रिमास्टर्ड' या शब्दावर कोणाचीही मालकी नाही, कोणीही छापावा. मास्टर, म्हणजे ज्याच्यावरून बाकीच्या प्रती निघतात तो, नव्याने बनवला, इतकाच त्याचा अर्थ. कशापासून बनवला, ते विचारायचं असतं आणि बहुतेक कव्हरं तिथे गप्प बसतात. ज्यांनी खरंच मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात होती ती फिल्म, शोधून, एकेक चौकट स्कॅन करून काम केलेलं असतं, ते ही गोष्ट लपवत नाहीत. निगेटिव्ह कुठल्या संग्रहातून आलं, कुठल्या लॅबमध्ये काम झालं, कोणत्या साली झालं, सगळं छापतात. कव्हरच्या मागे असा एखादा परिच्छेद असेल तर चष्मा लावून वाचा. नुसती सोनेरी अक्षरं असतील तर डिस्क होती तिथे ठेवून द्या.

आणखी एक सांगतो, कारण यात भलेभले फसतात. चित्र अगदी गुळगुळीत दिसलं म्हणजे ते चांगलं, असं नव्हे. फिल्मच्या चित्रात बारीक रवा असतो, ग्रेन म्हणतात त्याला. चांदीच्या कणांमधूनच ते चित्र तयार झालेलं असतं. सॉफ्टवेअर लावून तो रवा पुसला की नायिकेचा चेहरा मेणाचा होतो, केसांचा एकच काळा गोळा दिसतो. त्यापेक्षा तुमच्या पहिल्या डीव्हीडीतला पाऊस परवडला. त्यात निदान चेहरा तरी माणसाचा आहे.

थांबायला सांगतोय ते आशा आहे म्हणून. 'शोले' घ्या. १९७५ साली आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला आणि ठाकूरच्या पायाखालून गब्बरला पोलिसांनी सोडवलं. त्या सिनेमाचं मूळ निगेटिव्ह फार वाईट अवस्थेत होतं. तरी मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मुंबईत आणि इंग्लंडमध्ये ठेवलेली रिळं धुंडाळून तो पुन्हा उभा केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासकट दाखवला. पन्नास वर्षं थांबलेल्यांना मिळालं. तुमच्या सिनेमाचं वय किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मुलगा न्यू जर्सीहून येताना अपू चित्रत्रयीचा ब्लू-रे संच घेऊन आला. भारीतला आहे, पण आमच्या प्लेअरवर लागतच नाही. 'ह्या विभागासाठी नाही' अशा अर्थाची पाटी येते. डिस्क खराब आहे का? आणि 'फोर के रिस्टोरेशन' लिहिलं असताना डिस्क साधी ब्लू-रेच कशी?
— एक वाचक भगिनी, घोडबंदर रोड, ठाणे

ताई, डिस्क ठणठणीत आहे. कंपन्यांनी जगाच्या वाटण्या करून ठेवल्यात, त्याचा हा त्रास. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, युरोप 'बी' मध्ये आणि आपण 'सी' मध्ये. डीव्हीडीच्या वाटण्या निराळ्याच, तिथे आपला क्रमांक पाच. आपल्याकडे घेतलेला प्लेअर 'ए'ची डिस्क वाचून बघतो आणि परत करतो. सगळे विभाग चालणारा, म्हणजे रीजन फ्री प्लेअर मिळतो, तो घ्यावा लागेल. यूएचडी चालवणारा प्लेअर घेतलात तर मुलाला पुढच्या वेळी सांगा, 'फोर के यूएचडी'ची डिस्क आण. तिच्यावर विभागाचं कुलूप नसतं.

'फोर के' म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके. इथे स्कॅनिंग आणि दुरुस्ती त्या मापाने झाली आहे. तुमच्या हातातली डिस्क १०८० ओळींचीच. त्याने खट्टू होऊ नका. मोठ्या मापाने केलेलं काम लहान डिस्कवरही ओळखू येतं.

आणि हा संच आहे कशाचा, ते ठाऊक असू द्या. सत्यजित राय यांच्या या सिनेमांची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत सापडली. जळून कडक झालेली, कडा वितळलेली रिळं फेकून न देता लॉस अँजेलिसच्या अॅकॅडमी संग्रहात नेऊन ठेवली. तिथे ती वीस वर्षं पडून होती. मग बोलोन्याच्या लॅबने ती द्रावणात भिजवून मऊ केली, जुन्या चिकटपट्ट्या सोडवल्या, कडेची तुटलेली भोकं हाताने पुन्हा बांधली. अपूच्या पहिल्या सिनेमाचा सुमारे ४० टक्के भाग अशा रीतीने मूळ निगेटिव्हमधूनच परत मिळाला. बाकीचा जगभरच्या संग्रहांतल्या दुय्यम प्रतींवरून जोडला. २०१५ मध्ये ही ब्लू-रे आली. माझ्या धाकट्या मेव्हण्याकडे मी ती पाहिली तेव्हा काशाच्या फुलांचं रान आलं आणि मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या लायब्ररीतल्या कॅसेटमध्ये तिथे पांढरा चिखल होता. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, बाजूला व्हा. मी झालो नाही.

सासूबाईंना दर एकादशीला 'संत तुकाराम' लागतो. नवीन ५५ इंची टीव्हीवर लावला तर त्या म्हणतात, 'हा तुकाराम जाडा झालाय.' दुसरी डीव्हीडी घेऊ का?
— एक वाचक भगिनी, कळवा

नका घेऊ. सासूबाईंची नजर पक्की आहे. १९३६ चा सिनेमा, त्याची चौकट जवळजवळ जुन्या टीव्हीच्या आकाराची. तुमचा नवा टीव्ही आडवा आहे, तो चित्र दोन्हीकडून ओढून कडेपर्यंत भरतो. मग विष्णुपंत पागनीस तर सोडाच, सुरुवातीची 'प्रभात'ची तुतारीवालीही आडवी होते. रिमोटवर 'पिक्चर साइज' किंवा 'अॅस्पेक्ट' असं काहीतरी असेल, ते ४:३ वर आणा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते तसेच राहू द्या आणि मुलांनी पुन्हा 'फुल'वर नेलं तर रिमोट सासूबाईंच्या पिशवीत ठेवा.

याची उलटी तक्रारही एका पत्रात आहे: सिनेमास्कोप सिनेमात वरखाली काळे पट्टे येतात, 'पूर्ण' चित्र असलेली डीव्हीडी कुठे मिळेल? साहेब, तुमच्याकडे आहे तेच पूर्ण. 'कागज के फूल' हा आपला पहिला सिनेमास्कोप, १९५९ चा. कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी त्या लांबट चौकटीत रिकामी जागा मुद्दाम ठेवली आहे. पडदा भरणारी प्रत म्हणजे डावी-उजवी बाजू कापलेली प्रत.

मी हार्मोनियमचे वर्ग घेतो. जुन्या मराठी गाण्यांचा अभ्यास करताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. रेकॉर्डवर जे गाणं काळी एकमध्ये आहे, तेच डीव्हीडीवर जवळजवळ पांढरी दोनला जातं. माझी पेटी तपासून घेतली, ती बरोबर आहे. हे कसं?
— एक वाचक, चरई, ठाणे

असं पत्र आलं की स्तंभ चालवल्याचं चीज होतं. पेटी बरोबर, कानही बरोबर.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपली टीव्हीची पद्धत, पाल, सेकंदाला २५ ची. उतरवणाऱ्याने सरळ मार्ग काढला आणि सिनेमाच पंचविसाने पळवला. चार टक्के वेग वाढला, त्याबरोबर स्वरही वर गेला. पूर्ण अर्धा स्वर नाही जात, थोडं कमी, म्हणून तुम्हाला 'जवळजवळ' लिहावं लागलं. घड्याळ लावून बघा: अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपेल. सहा मिनिटं कापलेली नाहीत, नुसती पळवली आहेत. (कापलेलीही असतात, तो वेगळा रोग.)

ब्लू-रेवर सिनेमा २४ नेच ठेवता येतो, त्यामुळे तिथे गाणं आपल्या जागी येतं. डीव्हीडी असेल आणि संगणकावर लावत असाल, तर बऱ्याच प्लेअर प्रोग्रॅममध्ये वेग ०.९६ करता येतो. फक्त 'स्वर तसाच ठेवा' हा पर्याय तेवढा बंद करा, नाहीतर गाणं संथ होईल आणि पट्टी पांढरी दोनच राहील. विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवा, स्वरज्ञानाची परीक्षा होईल.

काका, प्रामाणिकपणे विचारते. सगळं फोनवर मिळत असताना लोक डिस्क का जमवतात? माझ्या बाबांनी घरात कपाट भरवलंय आणि फ्लॅट वन बीएचके आहे.
— एक वाचक, वय २३, ऐरोली

जागेचा मुद्दा तुझा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरात हाच वाद सव्वीस वर्षं चालू आहे आणि समोरची बाजू जिंकत आली आहे.

बाकीचं सांगतो. फोनवर आज जे आहे ते उद्या असेलच असं नाही. करार संपला की सिनेमा यादीतून जातो, आणि कोणी तुला पत्र पाठवून कळवत नाही. जे फुकट मिळतं त्यात कोपऱ्यात एखाद्या कंपनीचा शिक्का, मध्येच एक गाणं गायब, श्रेयनामावली अर्ध्यात तोडलेली. श्रेयनामावली तुला कंटाळवाणी वाटत असेल. पण 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' हे तुकारामांचं नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, हे आमच्या कीर्तनाला जाणाऱ्या शेजाऱ्यांना मी टायटल थांबवून गीतकाराचं नाव दाखवलं तेव्हा पटलं. तेही पूर्ण नाही पटलं.

आणि चित्राचं म्हणशील तर ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. फोनवर त्याच्या कितीतरी कमी येतं. धुकं, पाऊस, रात्रीचे प्रसंग यांत चौकोन चौकोन दिसतात ना, ते त्यामुळे.

बाबांना एकच सांग, डिस्क उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नकोत. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लावलं असेल तर पावसाळ्याआधी हलवा. ऐरोलीला खाडी किती जवळ आहे ते तुला सांगायला नको.

वडील गेले. त्यांच्या मागे तीनशेहून जास्त व्हीएचएस कॅसेटी आहेत. काहींच्या खिडकीतून टेपवर पांढरं जाळं दिसतं. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. काय करावं?
— एक वाचक, कोपरखैरणे

पहिलं म्हणजे जाळं दिसणारी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, 'एकदा बघू तरी' म्हणूनही नाही. ती बुरशी आहे. ती हेडला, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या दहा चांगल्या कॅसेटींना लागते. २००५ च्या जुलैत पाणी दुकानात गुडघाभर आलं होतं. खालच्या दोन फळ्या गेल्या. वरच्या वाचल्या म्हणून मी खूश होतो. दिवाळीपर्यंत वरच्यांवरही पांढरी नक्षी उमटली, नुसत्या दमट हवेने. एक बुरशीची कॅसेट मी घाईत लावली आणि त्या एका डेकमधून सोळा कॅसेटी खराब केल्या. म्हणून हे ठासून सांगतोय.

बुरशीवाल्या आधी वेगळ्या करा, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पंधरा दिवस ठेवा. वाळलेली बुरशी निघते, ओली पसरते. साफ करणारा माणूस खालचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडतो आणि टेप मऊ कापडामधून हळूहळू दुसऱ्या चकरीवर ओढून घेतो. कापड दर दोन-तीन मिनिटांनी बदलायचं. एका कॅसेटला अर्धा-पाऊण तास जातो. मी माझ्या काही गॅलरीत बसून, तोंडाला रुमाल बांधून केल्या. सौ. म्हणाली, सर्जन.

आता तीनशेपैकी कोणत्या ठेवायच्या? बाजारात विकत मिळणाऱ्या हिंदी सिनेमांच्या कॅसेटी असतील तर त्यांचा मोह सोडा. त्यांच्याहून बऱ्या प्रती उपलब्ध आहेत. वडिलांच्या हाताने लेबल लिहिलेल्या कॅसेटी आधी बघा, म्हणजे घरी टीव्हीवरून भरलेल्या. शनिवारचा मराठी सिनेमा, नाटकं, मुलाखती, गाण्याचे कार्यक्रम. पुष्कळ कार्यक्रमांची ती एकमेव प्रत असू शकते, कारण टीव्ही केंद्रांतही टेप महाग, त्यावर पुन्हा पुन्हा भरलं जायचं. आणि लेबलवर विश्वास ठेवू नका. 'बारसं' लिहिलेल्या कॅसेटमध्ये शेवटची चाळीस मिनिटं काय आहे, ते बघितल्याशिवाय कळत नाही.

अशा सगळ्यांचे कान आजच तोडा. मागच्या बाजूला प्लास्टिकची चौकोनी टिकली असते. ती मोडली की चुकूनही वर काही भरलं जात नाही. मग त्या संगणकावर उतरवून घ्या. एका दुकानात (नाव लिहीत नाही) मी सहा कॅसेटी दिल्या होत्या. परत मिळाल्या तेव्हा सहाही सिनेमे एकाच डीव्हीडीवर दाबून बसवलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दुकानाचा फोन नंबर. तेव्हा द्यायच्या आधी विचारा: एका कॅसेटची एक फाइल, मोठ्या मापाची, शिक्का नको, आणि मूळ कॅसेट परत. फाइलच्या दोन प्रती करा, दुसरी वेगळ्या घरात ठेवा. उशीर करू नका. जगातल्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जे चालू आहेत ते एकमेकांचे सुटे भाग खाऊन जगतायत.

'मुघल-ए-आझम' रंगीत घ्यावा की कृष्णधवल?
— एक वाचक, सानपाडा

कृष्णधवल. १९६० ची ती प्रत मुळात सगळी कृष्णधवल नव्हतीच. शीशमहालातलं गाणं आणि काही भाग रंगीत होते. दोन तास राखाडीत काढल्यावर अचानक आरसे रंगात उजळतात, हा त्या सिनेमाचा डाव आहे. २००४ च्या आवृत्तीत सगळंच रंगीत झालं आणि डाव गेला. नातवंडांना बसवायचं असेल तर रंगीत लावा, मी कोणाला सांगणार नाही.

हिंदी-बंगालीचं ठीक आहे. मराठीचं काय? साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मराठी सिनेमांची एक धड ब्लू-रे मला दाखवा. हक्कांची भांडणं म्हणावीत तर एवढ्या जुन्यांचे हक्क संपले असतील ना?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

दाखवू शकत नाही. माझ्या कपाटातही नाही.

हक्कांचं तुमचं गणित बरोबर आहे. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षानंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६४ पर्यंतच्या सिनेमांचा तो संपला आहे. पण हक्क संपला म्हणून निगेटिव्ह तुमच्या दारात येत नाही. ते कुठल्यातरी डब्यात असतं, तो डबा कोणाच्यातरी ताब्यात असतो, आणि ताबा असलेल्याने उघडून द्यायचं की नाही ते तो ठरवतो. हक्क खुले झाले की उलट एक वाईट गोष्ट होते. जुन्या टेपवरून कोणीही डिस्क काढतो, स्वस्तात विकतो, आणि चांगलं काम करायला पैसे घालणाऱ्याला वाटतं, लोक ह्यावरच समाधानी आहेत, मी कशाला बुडू?

तेही डबा असला तर. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १९३१ चा, कुठेही नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची थोडीच रिळं उरली. १९५० च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असायची. ती पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, जानेवारी २००३ मध्ये असाच नायट्रेटचा मोठा साठा जळाला. त्यात 'प्रभात'चीही रिळं होती. त्यातली काही आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेली होती म्हणून निदान सिनेमा बघता येतो. पण मूळ ते मूळ. नंतरची फिल्मही आंबते. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येतो, फिल्म आकसते, वळते. रंगीत प्रिंटमधला निळा उडतो आणि सगळा सिनेमा गुलाबी होतो.

आणि जे जळलं नाही, आंबलं नाही, ते आपण विकलं. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून घेण्यासाठी कितीतरी रिळं धुतली गेली. मीही त्यात आहे. लहानपणी तलावपाळीवर एक माणूस फिल्मचे तुकडे विकायला बसायचा, पाच पैशांना मूठभर. आम्ही उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून त्याचं भिंग करायचो, दारातून आरशाने ऊन आत पाडायचो आणि माजघरातल्या भिंतीवर सिनेमा. चित्र उलटं आलं की तुकडा उलटा करायचा. माझ्याकडे एका नऊवारीतल्या बाईचा तुकडा होता, विहिरीवर वाकलेली, बारा चौकटी. कुठला सिनेमा, ते आजतागायत कळलं नाही. पूर्ण उन्हाळा मी त्या बाईला भिंतीवर पाणी काढायला लावलं आणि मग तुकडा जळून गेला, भोक पडून. तो माणूस ते तुकडे कुठून आणायचा, हे मी तेव्हा विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घराच्या, वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या थिएटरच्या मागच्या खोलीत, वितरकाच्या वारसांकडे असे गोल पत्र्याचे डबे आजही निघतात. आंबूस वास आला म्हणून भंगारात देऊ नका, घरात उलगडून बघू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ पासून त्यांचं कामच ते आहे. तुमची मराठी ब्लू-रे निघालीच तर अशा एखाद्या डब्यातून निघेल.

गेल्या अंकात आपण लिहिलं होतं की आपल्याकडे १९८७ साली दूरदर्शनवरून भरलेली एका मराठी सिनेमाची कॅसेट आहे, ज्यात मध्ये सातच्या बातम्याही भरल्या गेल्यात. मी संग्राहक आहे. योग्य किंमत देईन. विकणार का?
— एक वाचक, बेलापूर

नाही. पण रविवारी सकाळी आलात तर दाखवीन. बातम्यांसकट.